कॅमेऱ्यासाठी सोडलेला अजगर

एव्हरग्लेड्स, फ्लोरिडा

प्रिय आई,

मी धडधाकट आहे, हात फक्त खरचटलाय. टीव्हीवर तू पाहिलंच असशील, ‘शिकारी बाईच्या हातून अजगर निसटला.’ साफ खोटं!

अंड्यांनी फुगलेली ती मादी मी तू शिवलेल्या उशीच्या अभ्र्यात कधीच बांधली होती. कॅमेरावाला म्हणतो, “बाई, सोडा ना परत, पकडतानाचं हवंय!” मी नाही म्हटलं, तर मेल्याने स्वतःच गाठ सोडली. गेली ती गवतात. आता तिची पिल्लं या परदेशी अजगरांच्या तावडीतून वाचलेले इथले उरलेसुरले ससेही गिळणार आणि नाव माझं!

बाबांचा गुडघा कसा आहे? शेजारी हसले तर त्यांना टीव्हीवरची ती किंकाळी पुन्हा ऐकव. माझ्या तोंडी घातलीय, पण आहे त्या कॅमेरावाल्याचीच. अजगर त्याच्या बुटावरून गेला, तेव्हाची.

अजिबात न किंचाळलेली,
तुझी डार्ला