मेणावरचा अंगठा

३ ऑगस्ट
फजिती. काल पडदे बसवलेल्या वीणेचं मेण आज तापवून काढलं — दुरुस्तीला आलेली जुनी समजून. चोवीसही पडदे. मुलगा मुरली दारात उभा. "अप्पा, पोंगलनंतर कारखाना बंद करू. नाव आहे तोवर."
सोळाव्या वर्षी दुसऱ्याचं फणसाचं लाकूड तासत होतो. त्यातून हे उभं केलं. म्हटलं, "गेल्या सहा महिन्यांत एक तरी तक्रार आली?" सून विनुता खाली मान घालून मेण कढवत होती.
कान शाबूत आहे. डोक्यात कापूस.

९ ऑगस्ट
भिंतीआडून ऐकलं. बायको, सरस्वती, विचारत होती, "यांच्या गोळ्या दिल्यास का?" विनुता — "कापीबरोबर दिल्या, अम्मा."
मी तर कापीचा पेला येण्याआधीच घेतल्या होत्या! माझी यादी कपाटावर, देवनागरीत — घरात ती लिपी मलाच वाचता येते. विनुताची स्वयंपाकघरात, तमिळमध्ये. याद्या दोन, पोट एक. आयतं हातात आलं की मी गिळतो.

१२ ऑगस्ट
सगळ्या गोळ्या पिशवीत भरून म्हाताऱ्यांच्या डॉक्टर नंदितांकडे. अकरा तऱ्हेच्या निघाल्या.
"कुणी दिल्या?"
"चार डॉक्टरांनी."
"एकमेकांना विचारून?"
"ते एकमेकांना ओळखतही नाहीत, मॅडम."
हसल्या. मग गंभीर. झोपेची, सर्दीची, लघवीची — तिन्ही डोकं जड करणाऱ्या, त्यात दुप्पट. झोपेची हळूहळू उतरवायची. मनाने काही बंद करायचं नाही.

२ सप्टेंबर
झोप नाही. चिडचिड. सरस्वती म्हणाली, "माझ्यावर कशाला? डॉक्टरवर ओरडा."

२० ऑक्टोबर
अकराच्या पाच. सकाळी शेजारच्या घरातला तंबोरा किंचित उतरलेला ऐकू आला. जाऊन सांगितलं. रागावले. मजा आली.

११ जानेवारी
तिरुवैयारूचे वीणावादक सुब्रह्मण्य सर आले. मी एकट्याने बसवलेली वीणा तासभर वाजवली. एकाही पडद्यात दोष दाखवला नाही. "हीच नेतो."
मुरली म्हणतो, "बंद करायचं मी कधी म्हटलं?" म्हटलं, "विसरलास? गोळ्या दाखव तुझ्या."

१८ जानेवारी
जुलैत गेलेली एक वीणा खुंटी बदलायला परत आली. पडद्यांखाली मेणावर अंगठ्याचे ठसे. अरुंद. माझे नव्हेत; माझ्यामागून कुणी पडदे पुन्हा बसवले होते. तक्रार का आली नाही ते कळलं.
विनुताला काही विचारलं नाही. कारखान्याची पाटी रंगवणाऱ्याला बोलावलंय. तिचं नाव वर, माझं खाली.