आत्याबाई, तुम्ही मधी उभ्या राहिलात

प्रिय आत्याबाई,

काल अंबाजोगाईच्या कोर्टात निकाल लागला. तुमच्या मुलाला जन्मठेप झाली. घरी येऊन हे कुणाला सांगावं म्हटलं, तर तुमच्याशिवाय कुणी सुचलं नाही. तुम्हाला वाचता येत नव्हतं. तरी लिहिते आहे.

घाटनांदुरात तुमचं नाव आता कुणी धड घेत नाही. भावकी म्हणते, म्हातारीनं पोटच्या पोराला आत घातलं. कुणी म्हणतं, ख्रिस्ती लोकांनी तिचं डोकं फिरवलं. माझं म्हणणं आज तुम्हीच ऐका.

तुमच्या दत्ताचा मार लग्नाच्या पहिल्या वर्षापासूनचा. पिऊन आला तरी मारायचा, न पिता आला तरी. पट्ट्यानं, काठीनं, हाताला लागेल त्यानं. एकदा त्यानं माझा तळवा तापल्या तव्यावर दाबून धरला. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही मेंढरं सोडली आणि माळाकडं निघून गेलात. का गेलात, आत्याबाई? हे तुम्हाला विचारायचं राहूनच गेलं.

मग मामांना, तुमच्या मालकांना, साप चावला. दवाखान्यात तुम्ही त्यांच्या उशाशी बसायच्या, आणि शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बायको, जालन्याकडची एक ख्रिस्ती बाई, तुमचा हात धरून प्रार्थना करायची. मामा वाचले नाहीत. तरी तुम्ही तिच्याच देवाच्या मागे गेलात. मागितलेलं ज्यानं दिलं नाही, त्याच्या मागे कुणी जातं का? मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "मी लई एकटी पडलते. तो संगं बसला."

तेव्हापासून दर रविवारी तुम्ही पत्र्याच्या शेडमधल्या प्रार्थनेला जायला लागलात. घरी शुभवर्तमान मी वाचून दाखवायचं, भाजी निवडता निवडता. एकदा क्षमेचा भाग आला आणि मी पुस्तक मिटलं. पाठीवरचे वळ अजून ओले होते. माफ कुणाला करू, म्हटलं.

"आधी हात थांबवावा लागंल," तुम्ही म्हणालात. "माफीचं मंग बघू."

त्यानंतर तुम्ही माळाकडं निघून गेला नाहीत. त्यानं हात उचलला की तुम्ही येऊन उभ्या राहायच्या. तो ढकलायचा, तुम्ही पडायच्या, परत उठायच्या. तुमचे पुढचे दोन दात त्यातच गेले.

त्या दुपारी तुमची नात राणी शाळेत होती, एवढंच बरं झालं. माझा फोन लागला नाही म्हणून तो घरी आला, डहाळे तोडायची कुऱ्हाड हातात घेऊनच. केस धरून मला चुलीपासून मेंढरांच्या वाड्यात ओढत नेलं. मी पालथी पडले होते, तोंडात माती आणि लेंड्या. मेंढरं बिथरून कुडाला धडका देत होती. मग ओल्या लाकडावर घाव बसावा तसा आवाज आला, पण मला काही लागलं नाही. अंगावर तुम्ही पडलात. तुमचं रक्त माझ्या मानेवरून गळ्यात उतरलं. इतकं गरम असतं ते! त्यानं दुसरा घाव घातला, तोही तुमच्यावरच. मग कुऱ्हाड टाकून तो कपाशीतून पळाला.

दवाखान्यात चुलत दीर तुमच्या कानाशी वाकले. कुऱ्हाडीवर पडले म्हण, एकुलता एक पोरगा हाय, असं समजावत राहिले. फौजदार आले तेव्हा तुमचा श्वास तुटत होता.

"माझ्या पोरानं मारलं," तुम्ही म्हणालात. "सुनेला मारत व्हता. मी मधी उभी ऱ्हायले."

त्यांनी लिहून घेतलं. ते वळले तशी तुम्ही त्यांची बाही धरलीत. "त्याला धरताल तवा मारू नका, साहेब. ह्या घरात मार लई झाला."

दिवस मावळायच्या आत तुम्ही गेलात.

मी त्या शेडमध्ये भांडायला गेले, तुमचं पुस्तक परत फेकायला. म्हाताऱ्या पाळकांवर ओरडले, आमच्या वाड्यात कुठं होता तुमचा देव? त्यांचे डोळे भरले. "मलाबी कळत न्हाई, बाई," ते म्हणाले. "बस जरा."

मी बसले. येशूला मारलं तो भाग तिथं वाचत होते. चाबूक, काटे, खिळे, हसणारी माणसं, आणि समोर उभी त्याची आई. हे मीच तुम्हाला वाचून दाखवलं होतं, पण ऐकलं त्या दिवशी. माझ्यासारखा मार खाल्लेला देव! त्याची कातडी फुटली होती, त्यानंही आकांत केला होता. तुमच्या मातीला न आलेलं रडू मला तिथं आलं.

एका दिवसात काही बदललं नाही. मी रविवारी जात राहिले. हळूहळू झोप लागायला लागली. विहिरीत वाकून बघताना मनात जे यायचं, ते येईनासं झालं.

कोर्टात त्याच्या वकिलानं विचारलं, सासूनं धर्म बदलला म्हणून भांडण झालं ना? मी म्हटलं, सासूबाई देव्हाऱ्यापुढं दिवा लावायच्या तेव्हापासून तो मारतोय. निकालानंतर व्हरांड्यात पोलिसांनी त्याला थांबवलं होतं. त्यानं मला विचारलं, "आई शेवटी काय म्हणली?"

मी सांगितलं. तो भिंतीला टेकून खाली बसला आणि बेड्यांचे हात तोंडावर घेतले.

मला दया आली का? खरं सांगते, नाही आली. पण त्याला तसं बघून जिवाला गारही वाटलं नाही. तेवढंच माझ्याकडे आहे. देवाला तेवढं चालत असेल का, आत्याबाई?

येत्या रविवारी मी बाप्तिस्मा घेते आहे. तुम्ही म्हणायच्या तशी आपली भेट होणार असेल, तर रिकाम्या हातानं येणार नाही. राणीला मी प्रार्थना शिकवीन, पण मार सोसायला शिकवणार नाही. सासरी तिच्यावर कुणी हात उचलला, तर ती पहिल्याच दिवशी माझ्या दारात येईल, आणि मी तिला परत पाठवणार नाही. हा माझा शब्द.

तुमची सून,
शारदा