गाण्याचं दुसरं कडवं

३ मार्च
ती. दादास,
सा. न. विनंती आज खरोखरच विशेष आहे.

तुमच्या रॉक बँडचं नवं गाणं ऐकलं. पहिलं कडवं अपघातात गेलेल्या तुमच्या बडबड्या ड्रमरवर. ऐकताना रडले आणि हसलेही. दुसऱ्याला मात्र गाणं बंदच केलं. बाबा गेले त्या दुपारी तुला त्यांचा फोन येत होता आणि तो न उचलता तू तालमीत गिटार बडवत बसलास, हे सरळ गाऊन टाकलंस! दोन वर्षं हे आपल्या दोघांतच होतं ना?

१७ तारखेला, गुरुवारी, तुम्ही ते रेडिओवर थेट गाणार. आईच्या लाँड्रीत रेडिओ दिवसभर चालू असतो. चार बायकांसमोर, हातात तापलेली इस्त्री असताना तिने हे ऐकायचं? कडवं गाळ म्हणणार नाही. खरं ते गावंच. पण आधी तिला सांग. बाबा गेल्यापासून तू कुणाचाच फोन घेत नाहीस, म्हणून हा कागद.

लोभ आहेच, उत्तर तेवढं लवकर धाड.
तुझी धाकटी

७ मार्च
चि. पदवीधर बाईंस,
अ. उ. आ.

हजार लोकांसमोर ओरडतो, पण आईला हे सांगणं जमत नाही. चार पत्रं लिहिली, चारही फाडली. तूच सांग. एवढी शिकलीस ती कशासाठी? ती नको म्हणाली तर कडवं काढतो. ऐकल्यावर ती जेवली का, तेही कळव.

माया पातळ करू नकोस.
तुझा भित्रा दादा

११ मार्च
ती. दादास,
सा. न.

सांगितलं. पाठ करून गेलेलं सगळं विसरले. आई कॉलर इस्त्री करत होती. तिने इस्त्री उभी केली आणि बटण बंद केलं. मला वाटलं, संपलं.

मग म्हणाली, फोन बाबांनी केलाच नव्हता. ते कोसळले होते, तोंडून शब्द फुटत नव्हता. त्यांच्या फोनवरून नंबर तिनेच लावला. डॉक्टरच्या आधी तुला. दोनदा. तेवढ्या वेळात डॉक्टर आला असता का, हे तिला दोन वर्षं आतून खातंय. तुला कळलं तर तू काय म्हणशील, या धाकात होती ती. मी समजूत घालायला गेले, तर म्हणाली, पुरे गं मास्तरीण.

रात्री अर्धीच पोळी खाल्ली.

कडवं राहू दे म्हणाली. फक्त बाबांनी फोन केला असं गाऊ नको, आईने केला असं गा.

गुरुवारी मी रजा काढून तिच्याशेजारी उभी राहणार आहे. आम्हा दोघींवर लोभ असू दे.
तुझी धाकटी