तीन नंबरचा वॉल्व्ह

सोमवार, ३ मार्च

नव्या इंजिनीअरबाईंनी नवं खूळ काढलंय. रस्ते, फोन कधी बंद होतील नेम नाही, म्हणून पंपघरातल्या प्रत्येकाला दुसऱ्याचं काम यायला हवं. दर गुरुवारी एकाने दाराशी खुर्चीवर बसायचं, तोंड मिटून. तो आलाच नाही असं धरून बाकीच्यांनी त्याचं काम उरकायचं. मला म्हणाल्या, "दादा, तुम्ही अडकलात तर अर्धं शहर तहानलेलं राहील."

बावीस वर्षांत एकदा तरी अडकलोय का मी!

गुरुवार, ६ मार्च

आज खुर्चीवर फिटर. म्हणजे आमचे जावई — मीच चिकटवलं त्यांना इथे. दिवसभर जांभया देत होते बिचारे.

मंगळवार, ११ मार्च

परवा माझी पाळी. सगळं लिहून दिलंय. एक सोडून. तीन नंबरचा पंप सुरू करण्याआधी मागचा छोटा वॉल्व्ह अर्धा फेरा उघडावा लागतो, नाहीतर दाब चढून पाइप फाटेल. पंप लागला की मी तो पुन्हा बंद करतो. हे कुणालाच सांगितलेलं नाही, जावयांनाही नाही. सगळं सांगून बसलो तर उद्या म्हातारा हवा कशाला? गरज सरो, वैद्य मरो.

गुरुवार, १३ मार्च

बसलो खुर्चीवर. पण सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन तो वॉल्व्ह गुपचूप उघडून ठेवला होता. उगाच कुणाला इजा नको. जावईबापूंनी तीन नंबर चालू केला, विनातक्रार चालला. बाईंनी वहीत लिहिलं — दादांवाचून अडत नाही.

म्हटलं, कळेल कधीतरी. संध्याकाळी पंप थांबल्यावर वॉल्व्ह बंद करून घरी आलो.

बुधवार, १९ मार्च

पुलापलीकडे, पंपघराच्या बाजूला गोळीबार. पूल बंद, फोन मुके. सकाळी पंप लावून मी जेवायला घरी आलेलो, जावई पंपघरात.

दुपारी वीज गेली. म्हणजे पंप थांबले. म्हणजे पुन्हा सुरू करणार. दोनदा पुलापर्यंत धावलो. शिपायाला म्हटलं, एवढा निरोप तरी पोचव, वॉल्व्हचा. त्याने बंदूक दाखवली.

पाचला वीज आली. नळाला पाणी नाही.

शनिवार, २२ मार्च

पाइप फाटला. जावई जागच्या जागी गेले.

बाई घरी आल्या होत्या. रडत म्हणाल्या, "चूक माझी, दादा. तुमच्या खुर्चीच्या दिवशी सगळं नीट झालं होतं. म्हणून मी त्यांना एकट्यांना तीन नंबरवर पाठवलं."

मी तोंड मिटून बसलो.

सोमवार, ३१ मार्च

लेकीने आज विचारलं, "बाबा, त्यांना तुम्ही सगळं शिकवलं होतं ना?"

हो म्हणालो.