तन्वीच्या आईची उंची

रविवार, संध्याकाळ

डोकं शांतच होऊन नाही राहिलं. आज रोलर हॉकीच्या राज्य संघाची निवड होती. माझ्याकडे शिकणारी महाराजपूरची तन्वी काय खेळली! स्केट्सवर उलटं जाता जाता दोघींकडून बॉल काढून घेतला. निवड करणारे साहेब खूश दिसले. मग म्हणाले, "स्केटिंग बढ़िया है मैडम, पर साइज़? मम्मी को बुलाइए."

पोरगी पुढे किती वाढेल, ते म्हणे आईवरून कळतं. तन्वीच्या आईला भिंतीशी उभं केलं. बिचारीने हळूच टाचा उचलल्या. साहेब हसले, "रहने दीजिए." त्या उचललेल्या टाचा मी पाहिल्या, तन्वीनेही पाहिल्या. खेळ बघा म्हणून मी भांडले. काय उपयोग? जिला धड वळताही येत नाही, त्या उंच पोरीला घेतलं. आणि मला त्या टाचाच दिसून राहिल्या.

गेटपाशी आईने विचारलं, "ताई, माझ्यामुळे गेलं का हो तिचं?"

मी नाही म्हणायच्या आत तन्वी बोलली, "तू येतेच काहून माझ्यासोबत?"

आई खाली बसून तिच्या स्केट्सच्या लेस सोडू लागली.