समोरच्याचा पवित्रा

३ जून
स्वसंरक्षणाच्या क्लासात नाव घातलं. लेक फोनवर म्हणाली, आई, या वयात? म्हटलं, या वयातच. तरुणपणी माझ्या वाटेला कोण जाणार होतं, घरात हे होते.

पैज लागली आहे. ऑगस्टच्या परीक्षेत पिवळा पट्टा मिळाला तर मी या घरात एकटी राहणार आणि ती हा विषय पुन्हा काढणार नाही. नाही मिळाला तर घर भाड्याने देऊन मुकाट्याने तिच्याकडे जायचं. तिला वाटतं, मी एकटी घाबरते. मी घाबरत नाही. मागच्या खोलीत दुपारी टकटक होते, एवढंच तिला बोलून गेले. बोलायला नको होतं.

५ जून
आज पहिला तास. गेले नाही. पहिल्या तासाला नुसती ओळखपरेड असते, हे शाळेपासून माहीत आहे. त्या वेळात यांचा जुना ज्युदोचा कोट इस्त्री केला. हे कॉलेजात ज्युदो खेळायचे, लग्नानंतर सुटलं. मी कधी बघायला गेले नाही. मला धसमुसळेपणा आवडत नाही.

कोट मला गुडघ्यापर्यंत येतो. बाह्या दुमडल्या. कॉलरला अजून यांचा वास आहे. डांबरगोळ्यांचाही असेल.

७ जून
सर जावई शोभतील अशा वयाचे. मला काकू म्हणतात. मॅडम म्हटलेलं बरं, असं सुचवलं. हो काकू, म्हणाले.

आजचा नियम: हनुवटी खाली. आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर पट्टी घेऊन फिरायच्या, हनुवटी वर, पाठ ताठ, मुली बदकासारख्या चालत नाहीत. इतक्या वर्षांची वर राहिलेली हनुवटी एका तासात कशी खाली येणार? सर म्हणाले, काकू, जबडा ताटात वाढून देताय समोरच्याला. सगळे हसले. मीही हसले, हनुवटी वर ठेवून.

१२ जून
टकटक. चहाच्या वेळी. दोनदा. मग शांत. मग पुन्हा दोनदा. मागच्या खोलीत यांच्या पलंगामागची भिंत.

चोर असेल नाहीतर पाईप. दोन्ही आघाड्या सांभाळायच्या. प्लंबरला फोन केला. उद्या नक्की येतो, म्हणाला.

चहा दोन कप झाला. सवयीचा हात. उद्यापासून एकच.

२० जून
समोरचा कुठल्या पद्धतीने लढतो ते आधी ओळखायचं, मग आपला पवित्रा ठरवायचा. सर म्हणतात यातच सगळं आलं.

आज ठोसेवाला. त्यासाठी आमच्यातला बेकरीवाला. मैदा मळून मळून दंड असे झालेत की कोटाची बाही उसवली आहे. नियम: त्याच्या हाताच्या टप्प्यात राहायचं नाही. मी राहिले नाही. आधी भिंतीपर्यंत, मग दारापर्यंत, मग व्हरांड्यात. सर ओरडले, काकू, हॉलच्या आत! बेकरीवाला म्हणाला, अहो मी अजून मारलाच नव्हता, घाम पुसत होतो.

ठोसेवाला हा प्रकार मला जमला असं मानायला हरकत नाही.

प्लंबर: उद्या नक्की.

२ जुलै
लाथवाले. यात दातांच्या डॉक्टरांकडे फोन घेणारी मुलगी पटाईत. पाय इतके लांब की सगळे तिला सारस म्हणतात. नियम: लाथवाल्याच्या अगदी जवळ घुसायचं, म्हणजे त्याला पाय उचलायला जागाच उरत नाही. घुसले. जरा जास्तच. तिच्या गळ्यात पडल्यासारखं झालं आणि तशीच राहिले थोडा वेळ. तिने पाठीवरून हात फिरवला. हळूच म्हणाली, काकू, रडताय का?

घाम होता.

९ जुलै
घरच्या टकटकवाल्या पाहुण्याचा अभ्यास सुरू केला. ठोसा नाही, लाथ नाही. जवळ येत नाही, जातही नाही. कुठल्याच पद्धतीत बसत नाही. सरांना विचारलं, नुसता मागे उभा राहणारा असेल तर? सर म्हणाले, काकू, तो बसच्या रांगेतला असेल.

आज ओट्याशी उभी असताना मागे कोणीतरी आहे असं पक्कं वाटलं. पवित्रा घेऊन गर्रकन वळले. हातात आमटीचा डाव. यांचा टॉवेल होता, दांडीवर. तो मीच रोज धुऊन वाळत घालते. न वापरलेले टॉवेल कुबट होतात.

डाव लागून एक कप फुटला. नेमका माझा. आता मी यांच्या कपातून पिते आणि पाहुण्यांच्या सेटमधला दुसरा काढते.

एकच कप करायचा हा नियम पहिल्या तारखेपासून कडकपणे पाळणार.

१८ जुलै
आजचा दिवस माझा! पकड. समोर टेलरबाई. दिसायला एवढीशी, पण कॉलर धरली की शिवल्यासारखी धरते. तिच्याकडून शिकले आणि तिच्याहून घट्ट धरली. सर बघतच राहिले. म्हणाले, काकू, ही पकड कुठून आणलीत?

सांगितलं नाही. शेवटच्या दिवसांत दवाखान्यात यांचा हात धरून बसायचे. यांच्या तोंडात नळी, बोलता येत नव्हतं. डॉक्टर म्हणत होते, बाई, किती ताणायचं ते एकदा ठरवा. मी म्हटलं, ताणायचं. हे माझ्या मनगटावर बोटांनी टकटक करायचे. दोनदा. थोडं थांबून पुन्हा दोनदा. लेक म्हणाली, बाबा काहीतरी सांगताहेत गं. मला कळत होतं काय सांगताहेत ते. मी आहे, घाबरू नकोस, असं. मी आणखी घट्ट धरायचे.

यांच्याइतकं मला कोणी ओळखलं नाही, आणि मी यांना.

६ ऑगस्ट
पट्टा जवळजवळ माझाच. तो ठेवायला कपाटातला एक खण रिकामा करायला घेतला. यांचे शर्ट बाहेर काढले, पुन्हा नीट घडी घालून आत ठेवले. पट्टा काय, खिळ्यालाही टांगता येईल.

टकटक वाढली आहे. आज मीही भिंतीवर मूठ आपटून उत्तर दिलं. क्षणभर शांत. मग पुन्हा दोनदा, आधीच्याच सुरात, न रागावता. हे असेच होते. मी भांडले तरी आवाज चढवायचे नाहीत.

असं कशाला लिहिलं? पाईप आहे.

प्लंबरने फोन उचलला नाही.

२४ ऑगस्ट
परीक्षा. लेक मुद्दाम बघायला आलेली. ठोसेवाल्यात ठीक. लाथवाल्यात सारसने पाय उचललाच नाही, गुणी पोर. शेवटी टेलरबाई. कॉलर धरली, खाली घेतलं, वर बसले. तिने माझ्या हातावर टकटक केलं. दोनदा. मी आणखी घट्ट धरलं. पुन्हा दोनदा. आणखी घट्ट. मग सर धावत आले आणि माझी बोटं एकेक करून सोडवली.

सर पांढरे पडले होते. म्हणाले, काकू, टॅप केल्यावर सोडायचं! म्हटलं, कसला टॅप? म्हणाले, पहिल्याच तासाला पहिली गोष्ट तीच सांगितली होती. समोरच्याने दोनदा थोपटलं म्हणजे, बास, आता सोड. गळा आवळलेला असताना बोलता येत नाही ना काकू, म्हणून हाताने सांगायचं.

विचारलं, ज्युदोतसुद्धा?

म्हणाले, ज्युदोत तर आधीपासून.

टेलरबाई मान चोळत म्हणाली, जाऊ द्या सर, त्यांना कुठे माहीत होतं!

पट्टा नाही.

२५ ऑगस्ट
काही लिहिण्यासारखं नाही.

२६ ऑगस्ट
दुपारी मागच्या खोलीत जाऊन बसले, यांच्या पलंगावर. कोट मांडीवर. कॉलर मुठीत होती, हे नंतर लक्षात आलं.

टकटक झाली. दोनदा.

मूठ उघडली. बोटं लगेच सरळ होत नव्हती, वयाचं असेल. सोडलं, म्हटलं. मोठ्याने. शेजारी ऐकू गेलं असेल तर जाऊ दे.

३१ ऑगस्ट
प्लंबर उगवला. म्हणाला, बोला काकू, काय वाजतंय? म्हटलं, काही नाही. आपोआप थांबलं. तरी त्याने भिंतीला कान लावला, पाना फिरवला, आणि थांबलेल्या कामाची फी मागितली. दिली.

संध्याकाळी लेक आली. म्हणाली, पैजबिज विसर, आई. तुला इथेच राहायचं असेल तर राहा. तुझी ती पकड बघून तर चोरच पोलिसांत जाईल. म्हटलं, नको. तुझ्याकडे येते.  तिने विचारलं, का गं, भीती वाटते?

नाही, म्हटलं. आता तीही नाही.

कोट टेलरबाईला द्यायचा ठरवलं आहे. तिच्या नवऱ्याच्या मापाचा करून घेईल.

चहा टाकला, दोन कप. लेकीने एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. आई, म्हणाली, मी बिनसाखरेचा घेते. हा बाबांचा झालाय.