तिसरं सील कापल्यावर

माय, आज तिसरं सील कापलं. एकाच सिलिंडरचं, एकाच महिन्यात, अन् तिन्ही वेळा माझ्याच हातानं. तुले जाऊन एकवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुले दोन ओळी लिहाव्या असं कधी सुचलं नाई, अन् आज सुचलं तेही सीलच्या डब्यात येते त्या कागदाच्या कोऱ्या बाजूवर, भनपुरीच्या आपल्या दुरुस्तीच्या दुकानात स्टुलावर बसून, हाताचं तेल न पुसता. कागदाले डाग पडून राहिले, पडू दे. डोकं असं तापलं आहे की समोर जो येईल त्याच्याशी भांडण होईल, म्हणून शटर अर्धं ओढलं अन् तुझ्याशी बोलून राहिलो. तू तरी उलटून बोलणार नाई.

झालं असं, उरला भागातल्या एका रोलिंग मिलच्या यार्डात भंगार उचलणारा लोडर आहे. त्याच्या बकेटचं सिलिंडर टपकते. दांड्यावरून तेल ओघळते, दुपारपर्यंत टाकी अर्धी होते अन् मशीन उभी. तेल अडवणारं रबराचं सील बदललं, तर पहिलं चार दिवस चाललं. दुसरं बसवलं तर संध्याकाळीच फोन. आज तिसरं बसवून इथंच दुकानात दाब देऊन पाहिलं, तर दांड्याभोवती पुन्हा तेलाची रेघ. यार्डाचे सुपरवायझर भैया माझ्या खांद्यामागं उभे होते. बाबाच्या वेळेपासूनचे आहेत ते, आता डोक्यावर एक काळा केस नाई. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. शांतपणे म्हणाले, "तेरे बाबूजी का बिठाया सील बरसों नहीं टपकता था. तेरे हाथ में वो बात नहीं है." अन् चपला घालता घालता सांगून गेले की पुढच्या बुधवारपर्यंत पाहतो, पुन्हा टपकलं तर यार्डातल्या चारही मशीन रिंग रोडवरच्या नव्या दुकानात जातील. त्या चार मशीन गेल्या तर माझ्याकडं राहते काय? शटर अन् मी. तरी माझा जीव जळला तो मशीनसाठी नाई. बाबानं उभ्या जन्मात एक सील धड बसवलं नाई, हे तुले ठाऊक अन् मले ठाऊक, अन् मी मान खाली घालून ऐकत राहिलो.

मले ते गुढियारीचं घर दिसते. बाबा सायकलच्या कॅरिअरवर गोणपाटात गुंडाळून ते झाकण घेऊन येतात. तू त्याले झाकणच म्हणायची, दुकानात आम्ही ग्लँड म्हणतो. सिलिंडरच्या तोंडावर ते बसते, त्याच्यातून दांडा आत-बाहेर होते, अन् त्याच्या आतल्या खाचेत बांगडीएवढं ते सील. बाबाची बोटं जाड, भेगाळलेली, अन् स्वभाव तर तुले काय सांगू. सील खाचेत गेलं नाई की स्क्रू पिळायचा पेचकस घुसवायचे. ते कापलं की शिव्या सुरू, आधी सीलले, मग मले, शेवटी तुले. दुकानात गिऱ्हाइकासमोर फजिती नको म्हणून तर ते झाकण घरी आणत होते. एक दिवस तू पोळपाट बाजूले सारला अन् म्हणाली, "सरका." चहाच्या गंजात पाणी गरम केलं, सील त्यात सोडलं, नरम झाल्यावर तेलात बुडवून दोन बोटांनी असं दाबलं की मधून आत वळून त्याचा चवळीचा दाणा झाला. तसंच झाकणात उतरवलं, एक बाजू खाचेत टेकवली, बाकीचं अंगठ्यानं ढकललं. टप्प. बाबा पाहतच राहिले. मग तू भाजी चिरायले बसली, कारण सील पुन्हा गोल व्हायले वेळ द्या लागते, तोवर कोणी त्याले बोट लावलं तर तुझे डोळे वटारलेलेच. त्या दिवशीच्या चहाले रबराचा वास होता अन् तरी बाबानं दोन कप घेतले.

तेव्हापासून झाकणं तुझ्याकडंच येऊ लागली. वरण शिजेस्तोवर तू दोन बसवून मोकळी. तुझी एक सवय होती, सील हातात घ्यायच्या आधी पदराचं टोक झाकणात घालून खाचेतून गोल फिरवायची, एकदा इकडून, एकदा तिकडून. ताट वाढायच्या आधी पुसायची, तसंच हे, असं मले वाटे. पुसायचा सोसच होता तुले. मी नववीत होतो तेव्हा तुझी नजर चुकवून एक सील पेचकसानं बसवायले गेलो. तू मागून येऊन माझ्या मनगटावर लाटणं हाणलं अन् म्हणाली, "पेचकसानं लेकराले घास भरवते का कोणी?" रात्री जेवलोच नाई मी रागानं. दुसऱ्या दिवशी तू फुटक्या सुपाची एक जाड कमची काढली, पाट्यावर घासून घासून तिची जिभेसारखी पातळ पट्टी केली, तेलात बुडवून ठेवली अन् सील ढकलायले मले दिली. मी हसलो होतो माय. पुढं प्लांटात शिकायले गेलो तेव्हा चकचकीत स्टीलच्या हुकांचा सेट घेतला अन् तुझी पट्टी कुठं फेकली, आता आठवतही नाई.

अन् एक दुसरी गोष्ट. आपल्या पाऱ्यातल्या, शेजारच्या काकीनं एकदा विचारलं, तुमच्या घरातून जळक्या रबराचा वास काहून येते गा? मी मोठ्या तोऱ्यात सांगायले लागलो, तर तू हात धरून घरात ओढलं. "कोणाले सांगू नको," म्हणाली, "लोक तुझ्या बापाले हसतील." नाई सांगितलं. तू गेल्यावर बाबानं सिलिंडरचं सगळं काम माझ्यावर टाकलं अन् स्वतः दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसले. लोकायले वाटलं, पोरगा हाताशी आला म्हणून बसले. पुढं बाबाही गेले. त्याइले हसायले आता कोण उरलं होतं? तरी अंत्ययात्रेत जो तो म्हणे, काय हात होता माणसाचा, अन् मी मान हलवत राहिलो.

खरं सांगू? मले तुझा राग येऊन राहिला. गरम पाणी केलं, तेल लावलं, चवळीचा दाणा केला, सीलचं तोंड तेलाकडं ठेवलं, पेचकस तर खिशातही ठेवला नाई. तू करायची ते सगळं केलं, तरी कापते. म्हणजे तू काहीतरी सांगितलंच नाई. सगळं बोटात ठेवलं अन् बोटं घेऊन गेली. आता बसलो मी इथं कपाळाले हात लावून. असं म्हणतो खरा, पण मी तरी तुले कधी विचारलं? तुझ्या शेजारी बसून पाहा लागलं असतं, अन् मी बसायचो बाबाच्या बाजूले, दुकानात, कारण काम तिथं होते असं वाटे.

एवढं लिहून कागद घडी करून खिशात ठेवला होता. हे आता बुधवारी लिहून राहिलो, त्याच स्टुलावर.

रविवारी मी ते झाकण गोणपाटात बांधलं अन् स्कूटरवर घरी नेलं. काहून नेलं, मलेच माहीत नाई. दुकानात तोंड दाखवायची लाज वाटत होती म्हणा. बायको मेथी निवडत होती. ओट्यावर झाकण ठेवलं तशी तिनं हात पुसले अन् ती तीन कापलेली सीलं उचलून बांगड्या पाहाव्या तशी फिरवून पाहिली. मग म्हणाली, "तिन्ही बाहेरूनच काहून फाटले?" मी पाहिलं. खरंच, तिन्हीच्या बाहेरच्या कडेले नखाएवढी चीर, एकसारखी. महिनाभर सीलं माझ्याच हातात होती अन् मले ते दिसलं नव्हतं. तिनं विचारलं, आईसारखा पदर फिरवला होता का आतून? मी खेकसलो, पुसलं ना, दोनदा पुसलं, दिसत नाई का. तेव्हा ती म्हणाली, "आई पुसत नव्हत्या. धागा अटकते का, ते पाहत होत्या."

माय, हे तिले कसं ठाऊक? लग्न होऊन ती आली त्यानंतर तू जेमतेम अडीच वर्षं होती. तेवढ्यात तिनं ओट्याजवळ उभ्या उभ्या जे पाहिलं, ते मी वीस-बावीस वर्षं तुझ्या घरात राहून पाहिलं नाई. पोट्टीची नायलॉनची ओढणी मागितली तर ती म्हणे, "पापा, वो मेरी नई वाली है," अन् कपाटातून जुनी काढून दिली. खाचेतून फिरवली. अर्ध्यात धागा अटकला. तिथं माझं बोट फिरवलं तर काहीच लागलं नाई, माझ्या बोटाची कातडी आता बाबासारखीच झाली आहे. मोबाइलचा उजेड आडवा पाडला तेव्हा दिसलं, खाचेच्या काठावर केसाएवढी उठलेली लोखंडाची कड. प्रत्येक नवं सील आत दाबलं की तिच्यावर चिरून जात होतं. अन् ती कड तिथं कोणी केली हेही सांगतो. महिन्याच्या सुरुवातीले हेच सिलिंडर पहिल्यांदा उघडलं तेव्हा जुनं सील निघत नव्हतं, मले घाई होती, अन् मी पेचकस घातला होता. तो सटकल्याचा आवाजही आठवते मले. तेव्हा पाहिलं नाई.

बारीक पॉलिश पेपरले तेल लावून ती कड घासली. ओढणी फिरवली, अटकली. पुन्हा घासली. चौथ्या वेळेस ओढणी सरसर निघाली. आता डब्यात एकच सील उरलं होतं, दुसरं मागवलं तर आठवडा लागते अन् बुधवार तोंडावर. मी सील गरम पाण्यातून काढलं, तेल लावलं, दाबायले घेतलं. दोनदा घडी सुटली. भीती वाटत होती, खोटं काहून बोलू. बायको शेजारी उभी होती. "सरका," म्हणाली. तिनं बांगड्या वर सारल्या, दोन बोटांनी दाणा केला, आत उतरवला, अंगठ्यानं ढकललं. टप्प. अन् पुन्हा मेथी निवडायले बसली. मी झाकणाकडं पाहत राहिलो, पोट्टी मोबाइलमध्ये होती.

सोमवारी सिलिंडर जोडलं. काल दिवसभर लोडर भंगार उचलत होता. आज मले यार्डात बोलावलं. सुपरवायझर भैयानं दांड्यावरून बोट फिरवलं, मले दाखवलं, कोरडं होतं. पाठीवर थाप मारून सगळ्या ड्रायव्हरसमोर म्हणाले, "आ गया ना बाबूजी का हाथ."

मी मान हलवून "हव" म्हटलं.

एवढं सोपं होतं माय. दोन नावं घ्यायची होती, तुझं अन् तिचं. हसलं असतं कोण? फार फार तर ड्रायव्हर लोक हसले असते, अन् दोन दिवसांत विसरले असते. जिभेवर आलं होतं, शपथ घेऊन सांगतो. तरी "हव" निघालं, जसं बाबाचं निघत असेल. जेवायले घरी गेलो तर तिनं विचारलं, काय म्हणे. मी म्हटलं, टपकत नाई म्हणे. बरं झालं, म्हणाली अन् पोळी वाढली. तिच्या नखात अजून काळं तेल होतं.

हा कागद मी दुकानातच ठेवून राहिलो, सीलच्या रिकाम्या डब्यात. घरी नेला तर तिच्या हाती लागेल.